डीएपीचं पोतं, उसाचं पाचट आणि जमिनीत अडकलेला फॉस्फरस: सोप्या मराठीत संपूर्ण माहिती

मागच्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, डीएपी कुठंच मिळंना. एक दुकानदार देतो म्हणतोय, पण पोत्यामागं दोन बाटल्या दुसरं औषध घ्यावं लागतंय. आणि ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय, जिवाणूची बाटली सोडली की डीएपी लागतच नाही म्हणून. काय करू?"

मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन बोलत होतो. त्याला म्हटलं, माती तपासणीचा फोटो पाठव. फोटोत उपलब्ध स्फुरद २१ असा आकडा दिसला. मी मोबाईलवर तक्ता शोधला: १० ते २५ म्हणजे मध्यम. "मध्यम आहे रे, खत निम्मं टाक," असं सांगून मी परत मीटिंगला गेलो.

तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता ते पुढे सांगतो. पण ती चूक शोधताना फॉस्फरस, सेंद्रिय अवशेष आणि खतांच्या पोत्यावरचे आकडे यांबद्दल जे काही समजलं, ते सगळं या लेखात एकत्र केलं आहे. तुमच्या घरी शेती असेल आणि "तू शिकलेला आहेस, बघून सांग" असं तुम्हालाही कोणी म्हणत असेल, तर हा लेख सेव्ह करून ठेवा.

फॉस्फरस पिकाला कशाला लागतो?

फोनला जशी बॅटरी, तशी सजीव पेशीला एटीपी नावाची रेणूरूपी बॅटरी असते. सूर्यप्रकाशातून आलेली ऊर्जा या रेणूत साठवली जाते आणि लागेल तिथे वापरली जाते. एटीपीमधला 'पी' म्हणजे फॉस्फेट. डीएनएचा कणा आणि पेशींची आवरणंसुद्धा फॉस्फेटशिवाय बनत नाहीत. त्यामुळे मुळांची वाढ, फुटवे, फुलं, दाणे भरणं या सगळ्याला फॉस्फरस लागतो.

कमतरता असेल तर पीक लगेच पिवळं पडत नाही. उलट पानं गडद, निस्तेज हिरवी दिसतात, झाड बुटकं राहतं, पक्वता लांबते. मक्यात जुन्या पानांवर जांभळट छटा येते. पिवळं पान पटकन डोळ्यात भरतं, बुटकं झाड भरत नाही. म्हणून ही कमतरता बऱ्याचदा कळतच नाही.

पोत्यावरचे आकडे कसे वाचायचे?

डीएपीच्या पोत्यावर १८:४६:० असं लिहिलेलं असतं. नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के, पालाश शून्य. इथे एक गोची आहे. ४६ टक्के हा शुद्ध फॉस्फरस नाही. तो फॉस्फरस पेंटॉक्साइड या ऑक्साइडच्या रूपात मोजलेला आकडा आहे. जुनी रसायनशास्त्रातली पद्धत आहे आणि जगभरातल्या बहुतेक देशांत खतांसाठी अजून तीच चालते.

गोंधळ टाळण्यासाठी या लेखात एक नियम पाळू: 'स्फुरद' म्हणजे पोत्यावरचा ऑक्साइडचा आकडा, आणि 'फॉस्फरस' म्हणजे शुद्ध मूलद्रव्य. दोघांचं नातं सोपं आहे:

फॉस्फरस × २.२९ = स्फुरद
स्फुरद ÷ २.२९ = फॉस्फरस

आता ५० किलोचं डीएपीचं एक पोतं घ्या. त्यात ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद, म्हणजेच साधारण १० किलो फॉस्फरस असतो. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं, म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ८ किलो. त्यासोबत ११ टक्के गंधक आणि बराचसा कॅल्शियम मिळतो.

मग एवढं खत टाकूनही कमी का पडतं?

फोनची स्टोरेज १२८ जीबी असते, पण ॲप चालतात ते रॅमवर. रॅम ४ जीबी असेल तर स्टोरेज कितीही असली तरी फोन अडकतो. जमिनीचंही तसंच आहे. वरच्या १५ सेंटीमीटर थरात हेक्टरी एकूण फॉस्फरस हजार किलोच्या आसपास असू शकतो. पण पिकाला त्या हंगामात वापरता येईल असा 'उपलब्ध' फॉस्फरस बऱ्याच ठिकाणी १०–१५ किलोच असतो. बाकीचा साठ्यात बंद.

आपण टाकलेलं खतही लवकरच या साठ्यात जायला लागतं. कोणत्या कप्प्यात जाईल ते मातीवर ठरतं.

काळी, चुनखडीयुक्त जमीन: मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग. सामू साधारण ७.५ ते ८.५. इथे फॉस्फेट कॅल्शियमला चिकटतं आणि हळूहळू अधिकाधिक न विरघळणारी संयुगं तयार होतात.

जांभी, आम्लधर्मी जमीन: कोकण, गोवा, सह्याद्रीचा पट्टा. इथे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात.

सामू ६ ते ७ च्या दरम्यान असेल तर फॉस्फरस सगळ्यात मोकळा राहतो. पण तशी जमीन सगळ्यांच्या नशिबी नसते. म्हणून टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्याच पिकाला साधारण १० ते २५ टक्केच मिळतं. उरलेलं वाया जात नाही. ते साठ्यात जमा होतं आणि पुढच्या पिकांना थोडं थोडं मिळत राहतं.

आणखी एक गोष्ट: नत्र पाण्याबरोबर वाहतं, फॉस्फरस मात्र जमिनीत जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. त्यामुळे खत वरून फोकून दिलं तर ते वरच बसून राहतं आणि मुळं खाली असतात. दोन चाड्याच्या पाभरीने किंवा पेरणी यंत्राने बियाण्याच्या खाली किंवा बाजूला, ५ सेंटीमीटरच्या आसपास पेरून दिलं तर तेच खत जास्त उपयोगी पडतं. यात एक रुपयाही जास्त लागत नाही.

सेंद्रिय अवशेष यात नेमकं काय करतात?

"शेणखत टाका, फॉस्फरस वाढतो" असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. सेंद्रिय पदार्थ तीन वेगवेगळी कामं करतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.

१. स्वतः फॉस्फरस देतात. पण किती? चांगल्या शेणखतात सरासरी ०.२ टक्के स्फुरद असतं, म्हणजे टनाला २ किलो. एका डीएपीच्या पोत्याइतकं स्फुरद हवं असेल तर साडेअकरा टन शेणखत लागेल. गांडूळखतात प्रमाण जास्त असतं, १ टक्क्याच्या आसपास. पण तेही टनांनी टाकणं किती जणांना परवडतं?

२. अडकलेला फॉस्फरस सोडवतात. अवशेष कुजताना सायट्रिक, ऑक्झॅलिक यांसारखी सेंद्रिय आम्लं तयार होतात. ही आम्लं कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम यांना पकडतात, तेव्हा त्यांना चिकटलेलं फॉस्फेट मोकळं होतं. शिवाय ही आम्लं मातीच्या कणांवरची फॉस्फेटची 'सीट' अडवून बसतात, म्हणून नव्याने टाकलेलं खत लगेच अडकत नाही.

३. जिवाणूंना खाद्य देतात. मातीतले जिवाणू आणि बुरशी फॉस्फेटेज नावाचं विकर सोडतात. सेंद्रिय रूपातला फॉस्फरस पिकाला थेट घेता येत नाही. हे विकर तो तोडून देतं. कर्ब नसेल तर हे कामगार उपाशी, आणि उपाशी कामगार काम करत नाहीत.

म्हणजे शेणखत हे फॉस्फरसचं मोठं गोदाम नाही, पण गोदामाची किल्ली आहे. गोदामच रिकामं असेल तर किल्लीचा उपयोग नाही, आणि किल्ली नसेल तर भरलेलं गोदामही बंदच. म्हणून सेंद्रिय की रासायनिक हा वाद इथे फारसा कामाचा नाही. दोन्ही मिळून टाकलं तर एकमेकांना मदत होते.

काडीकचरा टाकल्यावर पीक उलट मागे का पडतं?

हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. गव्हाचं काड किंवा उसाचं पाचट जमिनीत गाडलं आणि पुढचं पीक सुरुवातीला पिवळट, बुटकं राहिलं. मग लोक म्हणतात, "पाचट जाळलेलंच बरं."

याचं उत्तर कर्ब आणि फॉस्फरस यांच्या गुणोत्तरात आहे. वाळलेल्या अवशेषात साधारण ४० टक्के कर्ब असतो. जिवाणू हा कर्ब खातात, पण स्वतःचं शरीर बनवायला त्यांनाही फॉस्फरस लागतो. अवशेषात तो पुरेसा नसेल तर ते जमिनीतला उचलतात, आणि तेवढ्या काळापुरता पिकाचा वाटा कमी होतो.

ठोकताळा असा:

- गुणोत्तर २०० पेक्षा कमी: कुजताना फॉस्फरस जमिनीत मोकळा होतो.
- २०० ते ३००: साधारण बरोबरी.
- ३०० पेक्षा जास्त: जिवाणू जमिनीतला फॉस्फरस तात्पुरता उचलतात.

आता कॅल्क्युलेटर काढा. गव्हाच्या काडात फॉस्फरस ०.०८ टक्के धरला तर ४० ÷ ०.०८ = ५००. म्हणजे धोक्याच्या पलीकडे. फुलोऱ्याच्या आधी गाडलेल्या तागात किंवा धैंचात ०.२५ टक्के धरला तर ४० ÷ ०.२५ = १६०. म्हणजे फायदा. हिरवळीचं खत कोवळं असतानाच गाडायला सांगतात, त्याचं एक कारण हेच. झाड जून झालं, काडी कडक झाली, की गुणोत्तर वाढत जातं.

इथे 'तात्पुरता' हा शब्द महत्त्वाचा आहे. जिवाणू मेले की त्यांच्या शरीरातला फॉस्फरस परत जमिनीत येतो, आणि तो चुन्यात अडकलेल्या फॉस्फरसपेक्षा सहज मिळणारा असतो. प्रश्न फक्त वेळेचा आहे.

पाचटाचा हिशोब: टनाला १० किलो सुपर फॉस्फेट का?

ऊस शेतकऱ्यांना एक शिफारस पाठ असते: एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक. हे आकडे कुठून आले असतील असं मला नेहमी वाटायचं. वरचं गुणोत्तर लावून बघू.

एक टन वाळलं पाचट = ४०० किलो कर्ब. फॉस्फरस ०.१ टक्का धरला तर १ किलो. गुणोत्तर ४००.

आता १० किलो सुपर फॉस्फेट घाला. त्यात १.६ किलो स्फुरद, म्हणजे ०.७ किलो फॉस्फरस. एकूण झाला १.७ किलो. ४०० ÷ १.७ = २३५.

म्हणजे गुणोत्तर धोक्याच्या रेषेवरून बरोबरीच्या पट्ट्यात आलं. युरियाचंही तेच. पाचटात नत्र ०.४ टक्के धरलं तर ४ किलो, युरियातून आणखी ३.७ किलो. कर्ब-नत्र गुणोत्तर १०० वरून ५२ वर येतं. पाचट कुजायला लागतं आणि खोडवा उपाशी राहत नाही.

पाचट जाळलं तर काय होतं? राखेत फॉस्फरस बऱ्यापैकी शिल्लक राहतो, हे खरं आहे. पण कर्ब जवळजवळ सगळा धुरात जातो, नत्र आणि गंधकही बरंचसं उडून जातं. गोदामाची किल्ली म्हटलं होतं, तीच आपण पेटवून देतो.

तूर आणि हरभरा: जमिनीतले लॉक उघडणारे

काही पिकं स्वतःच्या मुळांतून आम्लं सोडून अडकलेला फॉस्फरस काढतात. यावरचं एक गाजलेलं संशोधन आपल्या शेजारीच झालं. हैदराबादजवळ पटनचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत शास्त्रज्ञांनी दाखवलं की तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात आणि लोहाला घट्ट चिकटलेला फॉस्फरस मोकळा करतात. हे संशोधन १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. हरभऱ्याची मुळं सायट्रिक आणि मॅलिक आम्लं सोडतात, ती कॅल्शियमला चिकटलेल्या फॉस्फरसवर काम करतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात हरभरा तग धरतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

तुरीचा पाला शेतातच गळतो आणि कुजतो. म्हणजे तुरीने साठ्यातून ओढलेल्या फॉस्फरसचा काही भाग पुढच्या पिकाला मिळतो. सोयाबीनमध्ये तुरीचे तास घेण्याची पद्धत आपल्या लोकांनी बाजारभाव आणि पाऊस बघून ठेवली असेल, पण जमिनीलाही तिचा फायदा होतो.

जिवाणूची बाटली: खरं किती, जाहिरात किती?

स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, ही खोटी गोष्ट नाही. बॅसिलस आणि स्युडोमोनास गटातले हे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून अडकलेलं स्फुरद मोकळं करतात. साधारण २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला चोळतात. द्रवरूप असेल तर लेबलवर लिहिलेलं प्रमाण पाळा. खर्चही फार नाही.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- हे जिवाणू फॉस्फरस तयार करत नाहीत. आहे तोच बाहेर काढतात.
- सेंद्रिय कर्ब कमी आणि ओल नसेल तर ते टिकत नाहीत. म्हणून एका शेतात फरक दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही.
- अंतिम तारीख उलटलेली किंवा उन्हात ठेवलेली बाटली म्हणजे नुसतं पाणी.

बँकेचा हिशोब करून पाहा. एकरी ८ क्विंटल सोयाबीन झालं तर दाण्यांतून साधारण ५ किलो फॉस्फरस, म्हणजे ११ किलो स्फुरद शेताबाहेर जातं. दोन टन शेणखत टाकलं तर ४ किलो परत आलं. उरलेले ७ किलो साठ्यातून गेले. जिवाणूंनी हे पैसे काढायची सोय केली, पण खात्यात कोणी भरले नाहीत. साठा मोठा असेल तर काही वर्षं निभेल. साठा आधीच रिकामा असेल तर नाही. "बाटली सोडली की डीएपी लागतच नाही" या वाक्यातला खोटेपणा इथे आहे.

रॉक फॉस्फेट आणि फॉस्फो-कंपोस्ट

सगळ्या स्फुरदयुक्त खतांचं मूळ खनिज म्हणजे रॉक फॉस्फेट. जगातला सुमारे ७० टक्के साठा मोरोक्कोकडे आहे, पश्चिम सहाराचा भाग धरून. भारतात उदयपूरजवळची झामरकोटडा ही मोठी खाण आहे, पण आपली गरज तिथून भागत नाही. म्हणून तयार डीएपी, फॉस्फोरिक आम्ल आणि खनिज मोठ्या प्रमाणात आयात होतं. जहाज लांबलं, भाव वाढला की आपल्या तालुक्यात रांग लागते. शिवाय इलेक्ट्रिक गाड्यांच्या एलएफपी बॅटऱ्यांनाही फॉस्फेटच लागतं, म्हणजे आता गिऱ्हाईकही वाढलं आहे.

रॉक फॉस्फेटची पूड थेट टाकायची असेल तर ती कोकणासारख्या आम्लधर्मी जमिनीतच कामाची, कारण ती विरघळायला आम्ल लागतं. काळ्या चुनखडीच्या रानात ती दगडासारखी पडून राहते. पण तीच पूड खताच्या ढिगात कुजवली तर सेंद्रिय आम्लांमुळे तिच्यातलं काही स्फुरद मोकळं होतं. यालाच फॉस्फो-कंपोस्ट म्हणतात. ढोबळ पद्धत अशी:

१. काडीकचरा बारीक करा. जेवढा बारीक, तेवढा लवकर कुजतो.
२. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, थोडी माती आणि जुनं कुजलेलं खत असे थर द्या.
३. काडीकचऱ्याच्या वजनाच्या साधारण आठव्या भागाइतकी रॉक फॉस्फेट पूड थरांमध्ये विभागून टाका.
४. ओल एवढी ठेवा की मूठ आवळल्यावर हाताला ओल लागेल, पण पाणी गळणार नाही.
५. पंधरा-पंधरा दिवसांनी दोन-तीनदा पलटी द्या. ढीग थंडावल्यावर पीएसबी मिसळा.
६. साधारण तीन ते साडेतीन महिन्यांत खत तयार होतं.

यासाठी नाडेप हौदही वापरता येतो. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केली, 'नाडेप' हे नाव त्यांच्याच नावावरून आलं. हौदाच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवतात, त्यामुळे पलटी द्यावी लागत नाही. कमी शेणात जास्त खत हे तिचं वैशिष्ट्य.

बाजारात 'प्रोम' नावाने तयार फॉस्फेटयुक्त सेंद्रिय खत मिळतं. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किमान १०.४ टक्के स्फुरद असायला हवं. पिशवीवर हा आकडा बघूनच घ्या.

माझी चूक: पत्रिका कशी वाचायची?

आता त्या २१ आकड्याकडे येऊ. १० ते २५ किलो म्हणजे मध्यम, हा तक्ता हेक्टरी *फॉस्फरस*साठी आहे. आमच्या अहवालात मात्र ऑक्साइडच्या रूपातलं *स्फुरद* दिलं होतं. तसं बारीक अक्षरात लिहिलंही होतं, मी फोटो झूम केला नाही. २१ ÷ २.२९ = ९.२. म्हणजे जमीन मध्यम नव्हती, कमी होती. तिथे खत वाढवायला हवं होतं, आणि मी निम्मं करायला सांगितलं. भावाने दोन एकरांत तसंच केलं. त्या दोन एकरांतली झाडं शेवटपर्यंत बाकीच्यांपेक्षा बुटकी राहिली. पावसाचाही हात असेल, पण अण्णा जे बघायचं ते बघून होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एककं तपासल्याशिवाय कोड पुढे जाऊ देत नाही. घरच्या शेताला मात्र तो नियम मी लावला नव्हता. तुम्ही लावा:

- आकडा फॉस्फरसचा की स्फुरदाचा? फॉस्फरस असेल तर हेक्टरी १० पेक्षा कमी म्हणजे कमी, १० ते २५ मध्यम, २५ च्या पुढे जास्त. स्फुरद असेल तर हेच टप्पे साधारण २३ आणि ५७ होतात.
- एकक कोणतं? अहवाल पीपीएममध्ये असेल तर २.२४ ने गुणा, म्हणजे हेक्टरी किलो मिळतील.
- हेक्टर की एकर? एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर.
- चाचणी कोणती? काळ्या, अल्कधर्मी जमिनीला ऑल्सेन पद्धत, आम्लधर्मी जमिनीला ब्रे पद्धत वापरतात.
- नमुना कोणाच्या शेतातला? २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेच्या सुरुवातीच्या टप्प्यांत बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक नमुना घेतला जायचा. म्हणजे तुमच्या पत्रिकेवरचा आकडा शेजारच्या बांधापलीकडचाही असू शकतो. शक्य असेल तर स्वतःचा नमुना द्या.

जमीन 'कमी' गटात असेल तर शिफारशीपेक्षा २५ टक्के स्फुरद वाढवायचं, 'जास्त' गटात असेल तर २५ टक्के कमी करायचं, असा सर्वसाधारण नियम आहे. मूळ शिफारस मात्र तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राचीच घ्या, मोबाईलवरच्या फॉरवर्डची नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डीएपी नाही मिळालं तर?*
एक पोतं डीएपी = तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट + साधारण २० किलो युरिया. तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद, युरियात ९ किलो नत्र. वर १६ किलोच्या आसपास गंधक मिळतं, जे सोयाबीन, भुईमूग यांसारख्या तेलबियांना हवंच असतं. वाहतूक आणि मजुरी थोडी वाढते, ती हिशोबात धरा.

*दुकानदार दुसरा माल घ्यायला लावतो, काय करायचं?*
याला लिंकिंग म्हणतात आणि ते नियमात बसत नाही. पॉस मशीनची पक्की पावती मागा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

*डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र मिसळलं तर चालतं का?*
नको. दोन्ही मिळून न विरघळणारं झिंक फॉस्फेट बनतं आणि दोन्हींचा उपयोग कमी होतो. वेगवेगळ्या वेळी द्या. स्फुरदाचा अतिरेक झाला तरीही पिकात जस्ताची कमतरता दिसू शकते.

*दरवर्षी जास्तच टाकलं तर काय बिघडतं?*
पैसे जातात, जस्त अडतं, आणि पावसात वाहून गेलेल्या मातीबरोबर फॉस्फरस तळ्यात-नदीत जातो. तिथे शेवाळ आणि जलपर्णी माजते.

*पूर्ण सेंद्रिय करायचं असेल तर?*
करता येतं, पण दाण्यांतून जाणारं स्फुरद कुठून परत येणार हे कागदावर मांडून ठेवा: शेणखत, गांडूळखत, हाडांचा चुरा, फॉस्फो-कंपोस्ट. हाडांच्या चुऱ्यात २० टक्के किंवा जास्त स्फुरद असतं.

थोडक्यात

आधी माती तपासा आणि एकक नीट वाचा. काडीकचरा जाळू नका, कोरडा असेल तर थोडं नत्र-स्फुरद देऊन कुजवा. खत फोकू नका, पेरून द्या. जिवाणू वापरा, पण त्यांना शेणखताची जोड द्या. फेरपालटात तूर, हरभरा ठेवा.

यंदा आम्ही त्या दोन एकरांतला नमुना वेगळा दिला. सोयाबीनचं भुसकट बांधावर पेटवलं नाही, शेणात मिसळून हौदात टाकलंय. डीएपीसाठी रांगेत उभं न राहता सुपर फॉस्फेट मे महिन्यातच आणून ठेवलं. भावाने पाभरीच्या दुसऱ्या चाड्यातून ते पेरलं आणि फोटो पाठवला. सोबत नव्या अहवालाचाही फोटो होता. या वेळी मी आधी झूम केलं, मग उत्तर दिलं.